आभुई

अल्ताफचा भोंगेवाला ऑटो गल्लीत वळला तेव्हा निकिता गच्चीवर केस वाळवत होती. वाशीमला रेकॉर्ड केलेलं गाणं आज पहिल्यांदा गावात वाजणार होतं, आणि त्यातला मुख्य शब्द तिनं दिलेला होता.

‘आभुई येणार, गाव बदलणार, विजयमालाताई सरपंच होणार!’

समोरच्या घरातली लेकरं ऑटोमागे धावली. निकिताला हसू आवरेना. या एका शब्दासाठी ती अमरावतीच्या होस्टेलवर किती डोकं खाजवत बसली होती. विरोधातल्या फुलसिंगच्या पॅनेलनं ‘परिवर्तन’ आधीच घेऊन टाकलं होतं. ‘कायापालट’चा मागच्या निवडणुकीतच चोथा झाला होता. मग तिनं नवे शब्द बनवायला घेतले. ‘धडपालट’, ‘उलथभरारी’, ‘भुईकाया’. फोनवर एकेक ऐकून तिचा बाप, हरीओम, म्हणायचा, “नाई जमून राह्यलं, बेटा. लोकायच्या छातीत धस्स झालं पायजे.” शेवटी तिला सुचलं, शब्द तर आपल्या घरातच आहे. स्वयंपाक अर्धवट असताना गॅस संपला की आई म्हणायची, आभुई झाली. धो धो पावसात सोयाबीनची गंजी भिजली, आभुई झाली. लहानपणी निकिताला वाटायचं, सगळी दुनिया असंच बोलते. होस्टेलवर मैत्रिणी हसल्या तेव्हा कळलं की हा शब्द आपल्या घराबाहेर कुठंच नाही.

तो ऐकून हरीओम जरा वेळ गप्प राहिला होता. मग म्हणाला होता, “हाच!”

यंदा सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं होतं. हरीओमला स्वतःला उभं राहता येईना, आणि तिसऱ्या लेकरामुळे त्याच्या बायकोलाही नाही. मग त्यानं आपल्या मधल्या भावाच्या बायकोला, विजयमालाला, उभं केलं. तो भाऊ, देवमन, निकिता जन्मायच्या आधीच वारला होता. कसा, ते घरात कुणी नीट सांगत नसे. आज अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस होता. तीन वाजले की चिन्हं मिळणार, संध्याकाळी मारुतीच्या पारावर प्रचाराचा नारळ फुटणार आणि तो विजयमाला फोडणार. त्यासाठीच सगळं घर गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांच्या जेवणाला जमलं होतं.

निकिता जिना उतरून खाली आली, तेवढ्यात भोंगा एकदम बंद पडला.

विजयमाला गल्लीच्या मधोमध उभी होती. अनवाणी. हातात चिमटा, आणि कोपरापर्यंत गोवऱ्यांची राख.

“कोनं सांगतलं तुले हे लावाले?” ती अल्ताफला विचारत होती.

“हरीओमभाऊनं, मावशी. काय झालं? आवाज जास्त झाला काय?”

“आवाजाचं नाई. थो शब्द.”

अल्ताफ गोंधळला. एवढ्यात हरीओम पांढऱ्या शर्टाच्या बाह्या सारत बाहेर आला. “अल्ताफ, काहून बंद केलं बे? लाव.”

“लावू नको,” विजयमाला म्हणाली.

“वयनी, थोडं घरात चला. लोकं पाहून राह्यले.”

“पाहू दे. सारी जिंदगी लोकंच तं पाहून राह्यले मले.”

अल्ताफनं एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं, चावी फिरवून ऑटो बंद केला आणि खाली उतरला. “तुमचं घरचं होऊ द्या पह्यले,” तो म्हणाला आणि पानठेल्याकडे निघून गेला.

*

तिघा भावांतले थोरले इंद्रभान ओसरीवर खुर्चीत बसले होते. कानानं कमी ऐकू येत असलं तरी भोंगा काय म्हणतो ते त्यांनी ऐकलं होतं. विजयमाला समोर येऊन उभी राहिली तेव्हा तिनं पदर डोक्यावरून घेतला नाही. धाकट्या-थोरल्या दिरांसमोर तिनं याआधी कधी पदर न घेतल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

“भाऊजी, तुमाले माहीत होतं?”

“भित्तीवर पाह्यलं होतं चार दिसाआधी,” इंद्रभान म्हणाले. “मले वाटलं, तुमाले इचारूनच केलं असंन.”

“मले कोन इचारते? भित्तीवरचं मले वाचता येत नाई. फकस्त सही कुठं कराची थे सांगतलं.”

हरीओम कट्ट्यावर टेकला. त्याचा सूर अजून गोडच होता. “वयनी, घरातलाच शब्द आहे ना? पोट्टे-पाट्टे सारेच बोलते. शब्दाचा काय सातबारा असते, का ह्या इसमाच्या नावानं चढला म्हनून?”

“बरोबर आहे त्याचं,” इंद्रभान म्हणाले. “घरचा शब्द घराच्या कामी आला, मंजूची माय. एवढं कायले मनावर घेता?”

“घरचा नाई थो शब्द, मोठे बाबा. माह्या मायचा आहे.”

दारात मंजुषा उभी होती. विजयमालाची एकुलती एक लेक. रिठदच्या शाळेवर शिकवायची. खांद्याची पर्ससुद्धा तिनं अजून काढली नव्हती. “फाट्यापासून इथपर्यंत भित्ती वाचत आली मी. किन्हीराजाच्या बसस्टँडवरबी लिहेल आहे. ‘होऊन जाऊ द्या आभुई’! काकाजी, तुमाले शरम कशी नाई वाटली?”

“मंजे, तमीजनं बोल.”

“मी तमीजनंच बोलून राह्यली. बिना तमीजचं बोलली असती तं गाव गोळा झालं असतं.”

निकिता मध्ये आली. तिचा चेहरा उतरला होता. “मंजूताई, शब्द मी दिला. माही चूक आहे. पण मले सांग तं खरं, एवढं काय आहे त्याच्यात?”

मंजुषानं आईकडे पाहिलं. विजयमालानं मान हलवली, सांग म्हणून.

“माहे बाबा विहीर खोल करत होते,” मंजुषा म्हणाली. “उन्हाळा होता. माय भाकर घेऊन काठावर उभी होती. बाबानं खालून वर पाह्यलं अन् म्हनलं, इथून आभाय परातीएवढं दिसते. माय हासली. तेवढ्यात एका अंगाची सारी दरड बसली. पुरी विहीर भरली. आभाय होतं तिथून भुई आली त्यायच्या अंगावर. लोकं धावत आले, काय झालं, काय झालं, तं मायच्या तोंडून दुसरं काही निंघेच ना. आभुई झाली, आभुई झाली. लोकायले वाटलं, बाई येडी झाली.”



इंद्रभाननी डोळे मिटले. खळ्यावरून धावत येताना पायात रुतलेले काटे त्यांना आठवले, आणि मातीच्या ढिगावर उभी असलेली ही बाई. देवमन कुठं आहे, म्हणून तिला खांदे धरून त्यांनीच गदगदा हलवलं होतं. ती म्हणाली होती, “आभुई झाली, भाऊजी.” माणसं माती उपसत राहिली आणि ती म्हणत राहिली. पुढं कधीतरी दिवाळीत अनारशांचं तेल उतू गेलं, तेव्हा हरीओमनं तिची नक्कल करून ‘आभुई झाली’ म्हटलं आणि सगळं घर हसलं. इंद्रभानही हसले होते. विजयमाला उठून गोठ्यात गेली होती. शब्द मात्र घरात राहिला.

“हरीओम,” ते म्हणाले, “काढून टाक थो शब्द.”

हरीओमला वाटलं होतं, भाऊ आपल्या बाजूचा आहे. तो ताडकन उठला. “दादा, तुमीबी? भित्ती रंगल्या, फ्लेक्स लागले, गाणं झालं. आता काढलं तं फुलसिंगचे लोकं म्हनतीन का भेले. आज घरोघरी थोच शब्द आहे. लेकरं बोलून राह्यले!”

“म्हनूनच काढ.”

“अन् लोकायले काय माहीत नाई कावो?” हरीओमचा आवाज चढला. “अर्ध्या गावानं माती उपसली त्या दिवशी. म्हातारे-कोतारे सारे होते तिथं. आभुई म्हनलं का लोकायले वयनीच दिसते ढिगावर उभी. म्हनून तं चालून राह्यला थो शब्द! नुसत्या परिवर्तनानं कोनाचे डोये भरते?”

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. पण तोवर सगळ्यांनी ऐकलं होतं.

“म्हंजे तुमाले माहीत होतं, बाबा,” निकिता म्हणाली. “मी शब्द सांगतला तवा तुमी गप्प बसले होते. मले वाटलं इचार करून राह्यले.”

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून निकिताची आई म्हणाली, “मी म्हनलं होतं यायले, वयनीले इचारा. माहं कोन आयकते?”

“तुलेबी माहीत होतं, आई?” निकिता तिच्याकडे वळली. “तुमाले सर्वायले माहीत होतं, अन् मले गॅस संपला का म्हनाचा शब्द म्हनून शिकवला?”

आई आत वळली.

विजयमाला इतका वेळ चिमटा हातातच धरून होती. तो तिनं कट्ट्यावर ठेवला. “हरीओम, तू कालेजात होता तवा. थे गेले अन् मी औतामांगं लागली. बाया तोंडाले पदर लावून हासत होत्या, बाई औत हाकते म्हनून. तुही फी त्याच औतातून भरली. त्याचं मी कधी काही म्हनलं नाई. पण हळदीकुंकवाले तुमी मले मांगच्या खोलीत बसोलं. पोटच्या पोरीच्या लग्नात अक्षता टाकाले मी मांडवाच्या बाहेर उभी होती. अन् आज नारळ फोडाले मी पायजे? काहून? तं माह्या कपायाचं कुंकू गेलं थे फोटोत चांगलं दिसते म्हनून?”

“वयनी, मी तसं...”

“तू तसंच. माहं दुख माह्यासंगं होतं तोवर थे दुख होतं. तू त्याले भोंग्यावर चढोलं.” तिनं पदर खोचला. “निकिता, तुही स्कूटी काढ. मले मालेगावच्या तहसीलात ने. अर्ज मांगं घ्याचा आहे.”

हरीओम आडवा झाला. “वयनी, अख्खं पॅनेल बुडंन. फुलसिंगची सून बिनविरोध निवडून येईन.”

“येऊ दे.”

“निकिता, चावी दे इकडं.”

निकितानं चावी मुठीत आवळली आणि बापाच्या बाजूनं निघून गेली. इंद्रभाननी काठी पुढे करून हरीओमचा रस्ता अडवला. “जाऊ दे तिले,” ते म्हणाले. “लय अडवलं आपुन.”

*

मालेगावच्या रस्त्यानं स्कूटी निघाली. दोन्ही बाजूंना तुरी शेंगांवर आलेल्या होत्या. मधूनच एखादी भिंत यायची, निळ्या रंगातला तिचा शब्द वाऱ्यासारखा बाजूनं निघून जायचा, आणि पुढं बसलेल्या निकिताचे खांदे आवळले जायचे.

“मोठी आई, मले माफ कर,” ती एकदा म्हणाली.

“तुले माहीत नव्हतं,” विजयमाला म्हणाली. “ज्यायले माहीत होतं त्यायचा राग आहे मले. तू समोर पाह्य.”

तहसीलच्या आवारात ही गर्दी. गावोगावचे उमेदवार, त्यांचे नवरे, दीर, मुलं. बाया बाजूला लिंबाखाली बसलेल्या आणि कागद पुरुषांच्या हातात. विजयमाला तिथून जात असताना फुलसिंग समोर आला. विरोधी पॅनेलचा, पण जुना माणूस. त्यानं हात जोडले.

“वयनी, तुमी इथं? सारं ठीक आहे ना?”

“अर्ज मांगं घ्याले आली.”

फुलसिंगचा चेहरा आधी उजळला, मग त्यालाच संकोच वाटला. “काहून? तुमचा तं जोर दिसून राह्यला. खरं सांगतो, तुमच्या त्या आभुईनं आमाले परेशान करून सोडलं. माह्या घरचे पोट्टेबी थेच म्हनून राह्यले. क्रिकेटमधी विकेट पडली का, आभुई! परवा म्हैस दाव्यातून सुटली तं माही नात वरडली, आभुई!” तो हसला. “तुमी मांगं घेतलं तरी शब्द काही मांगं येत नाई आता. थो राह्यला गावात.”

तो पुढे गेला. विजयमाला लिंबाखाली उभी राहिली.

तिला वाटलं होतं, अर्ज मागे घेतला की सगळं निवळेल. भोंगा बंद, गाणं बंद, आणि आपण परत आपल्या शेतात. आता तिला दुसरंच दिसू लागलं. ती घरी बसेल, भिंती तशाच राहतील. लोक म्हणतील, आभुई आभुई करत होती ती बाई, ऐनवेळी पळाली. विकेट पडेल, म्हैस सुटेल, लेकरं ओरडतील. देवमन त्या शब्दाखाली आणखी एकदा गाडला जाईल, आणि या वेळी माती उपसायला कुणी येणार नाही.

राग अजून होताच. पण तो सकाळसारखा आंधळा राग नव्हता.

“निकिता, उमेदवार कोन आहे? हरीओम का मी?”

“तू, मोठी आई.”

“म्हंजे माह्या नावानं भित्तीवर काय लेहाचं, थे कोन ठरवंन?”

निकितानं तिच्याकडे टक लावून पाहिलं. “तूच.”

“मंग फिरव गाडी. येता येता चुना घेऊ.”

“अन् अर्ज?”

“अर्ज राहू दे तसाच. चाल.”

*

मंजुषाचा विरोध होता तो आईच्या उभं राहण्यालाच. पहिल्या दिवसापासून तिनं सांगितलं होतं, काकाजी तुले बाहुली करून ठेवतीन. त्यामुळे स्कूटीवरून उतरलेली आई चुन्याची पिशवी घेऊन गोठ्याकडे निघाली तेव्हा ती चिडलीच.

“माय, मांगं नाई घेतला तू?”

“नाई.”

“एवढं सगळं होऊन? त्याच मानसाच्या पॅनेलमधी राह्यशीन?”

“पॅनेल त्याचं. अर्ज माहा.” विजयमालानं बादलीत चुना कालवला. “तुले मदत करायची आहे का बोलायचंच आहे?”

गोठ्याची रस्त्याकडची भिंत त्यांची स्वतःची होती. तिच्यावर माणसाच्या उंचीची निळी अक्षरं होती. विजयमालानं कुंचला बुडवला आणि पहिला फटका ‘आ’वर मारला. ओला चुना आधी पारदर्शक बसला, निळा रंग तसाच दिसत राहिला. तिनं पुन्हा मारला. निकितानं दुसरा कुंचला घेतला. थोड्या वेळानं मंजुषानं खांद्याची पर्स काढून खुंटीला अडकवली आणि तीही आली.

गल्लीतल्या बाया एकेक करून दारात आल्या. पारावर नारळ आणि हार घेऊन बसलेली पोरं उठून इकडे आली. कुणीतरी बोलावलं असावं, हरीओम मोटरसायकलवर आला आणि गाडी चालूच ठेवून ओरडला, “वयनी, हे काय लावलं?”

“पुसून राह्यली.”

“मले वाटलं, तुमी अर्ज मांगं घेतला नाई म्हंजे ठंड्या झाल्या. घरात बसून बोलू आपुन.”

“घरातच बोलत आली आजलोक. म्हनून हे झालं.” ती भिंतीकडेच तोंड करून होती. “किन्हीराजाची भित्त उद्या पुसीन. येताना अल्ताफले गाणं पुसाले सांगतलं. त्यानं माह्यासमोर मिटवलं.”

“मंग मी नाई फिरत तुमच्यासंगं. ऑटो माहा, पोट्टे माहे, सभा माह्या. तुमी एकल्या किती घरं फिरसान?”

“जेवढे फिरता येतीन तेवढे.”

“पडसान, वयनी.”

“पडीन.” आता ती वळली. तिच्या कपाळावर चुन्याचे शिंतोडे उडाले होते. “पण माह्या मानसाच्या मरनावर निवडून नाई येनार. तुह्या भावाच्या मरनावर, हरीओम. थो तुहाबी भाऊ होता.”

हरीओमनं निकिताकडे पाहिलं. “चाल घरी.”

“मी येतो मांगून,” निकिता म्हणाली आणि हातातलं काम सुरूच ठेवलं.

त्यानं गाडीचा कान पिळला आणि निघून गेला. पारावरची बरीचशी पोरं त्याच्यामागे गेली. काही रेंगाळली. समोरच्या ओट्यावर इंद्रभान काठी टेकत येऊन बसले. ते कुंचल्याला हात लावायला आले नाहीत. रेंगाळलेल्यांपैकी एक पोरगा आडून ‘आभुई’ असं ओरडला, तेव्हा मात्र त्यांनी काठी अशी आपटली की तो पोरगा गल्लीच्या टोकापर्यंत पळत गेला.

ऊन कलेपर्यंत भिंत पांढरी झाली. काही ठिकाणी निळं अजूनही आतून डोकावत होतं, पण वाचता येण्यासारखं काही उरलं नव्हतं. निकितानं उरलेला निळा रंग आणला.

“मोठी आई, आता काय लेहू? रिकामी भित्त पाहून लोकं काय समजतीन? मी दुसरा शब्द बनवू? या टायमाले तुले पह्यले दाखवतो.”

“नको बनवू, माय. बनवलेल्या शब्दायनं लय झालं. माहं नाव लेहे.”

“नुसतं नाव?”

“विजयमाला देवमन. दोन्ही सारखे मोठे.”

निकिता लिहू लागली. मंजुषा मागे उभी राहून काना-मात्रा सांगत होती आणि डोळे पुसत होती, आणि पुसताना तिच्या गालाला चुना लागत होता. समोरच्या दारातली एक म्हातारी, त्या दिवशी माती उपसायला आलेली, लुगड्याचा काष्टा सावरत भिंतीपाशी आली. तिनं ती अक्षरं बोटानं हवेत गिरवली.

“देवमनचं नाव लय दिसानं पाह्यलं बाई,” ती म्हणाली. मग तिनं विचारलं, “पण विजयमाले, तुले तं हरीओमनं उभं केलं होतं नं? थो तं गेला आता.”

“गेला,” विजयमाला म्हणाली. “मी उभी आहो.”